आमच्या मैदानावर का नाही?

टॉर्पा, विस्कॉन्सिन
१९ ऑक्टोबर

प्रिय ऑर्विनमामा,

आईने आम्हा दोघा भावंडांना शिकवताना महिन्याला एक पत्र लिहायची सवय लावली, ती माझी अजून सुटलेली नाही. नेल्सची केव्हाच सुटली. तो म्हणतो, "फोन कर की म्हाताऱ्याला!" पण फोनवर मी अडखळते, आणि मग दिवसभर, काय बोलायला हवं होतं तेच घोळवत बसते.

आपल्या लिंडाल कॉलेजचा फुटबॉल संघ यंदा अजून एकही सामना हरलेला नाही. गावात लोक हे सांगताना आवाज खाली आणतात. पेट्रोलपंपावरचा गस म्हणाला, "कुठेतरी चुकतंय गं काहीतरी." नेल्सचं हे शेवटचं वर्ष. त्याने संघात अशी जागा घेतली आहे की वाकून चेंडू हाताने दोन्ही पायांमधून मागे द्यायचा आणि लगेच समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं. रेडिओवर अशा खेळाडूचं नाव फक्त चूक झाली तरच येतं. म्हणून बाबांना रेडिओ पुरत नाही. बुरशी धरलेल्या गवताच्या धुळीने फुप्फुसं गेल्यापासून त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, गर्दीही सोसत नाही. कॉलेजने त्यांना पिकअप मैदानाच्या कुंपणाला लावून बसायची परवानगी दिली आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारच्या सीटवर ठेवतात, काच बोटभर उघडी, आणि डोळे नेल्सवर. चेंडू कुठे गेला ते त्यांना माहीतही नसतं.

बाद फेरीतला पहिला सामना आपल्या मैदानावर मिळाला तर त्यांना आणखी एकदा तरी बघता येईल. लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला आहे.

मामा, तू यंदा निवड समितीवर आहेस. मानांकनं कशी ठरतात? तुला हे विचारणं गैर असेल तर हा परिच्छेद वाचू नकोस.

तुझी,
ब्रिटा


मॅडलिन, आयोवा
२६ ऑक्टोबर

लाडक्या ब्रिटा,

तो परिच्छेद वाचला. दोनदा वाचला.

गुप्त असं काही मी सांगणार नाही, पण जे कोणालाही विचारलं तरी कळेल ते सांगतो. बत्तीस संघ घेतात. पहिल्या आठांचे क्रमांक जाहीर होतात, बाकीच्यांचे होत नाहीत. नुसतं जिंकून भागत नाही. कोणाला हरवलं आणि त्यांनी कोणाला हरवलं होतं, तेही बघतात. तुमच्या गटातली निम्मी कॉलेजं अशी आहेत की त्यांना हरवल्याबद्दल त्यांच्या आयासुद्धा तुम्हाला नावं ठेवणार नाहीत. यात नेल्सचा दोष नाही, पण गट काही त्याला निवडता येत नाही.

दुसरं म्हणजे बस. पहिल्या फेरीत शक्यतो कोणाला विमानाने पाठवत नाहीत. त्यामुळे आपल्या उत्तरेकडचे चांगले संघ पहिल्याच आठवड्यात एकमेकांना खातात, आणि दूर कुठेतरी दोन साधारण संघ निवांत पुढे सरकतात. हे न्याय्य आहे का? नाही. विमानाची तिकिटं स्वस्त आहेत का? तीही नाहीत.

सामना आपल्याकडे हवा असेल तर कॉलेजने आधी तशी मागणी करावी लागते. मैदान, पंचांची सोय, अँब्युलन्स वगैरे सगळी तयारी दाखवावी लागते. आणि ज्याच्या त्याच्या कॉलेजचं नाव निघालं की त्या सभासदाने खोलीबाहेर जायचं. बाहेर फार वाईट कॉफी मिळते.

यापुढे जोड्या जाहीर होईपर्यंत मला या विषयावर एक अक्षर विचारू नकोस. बाबांना म्हणावं, काच बोटभरच, जास्त नको.

मामा


टॉर्पा
१७ नोव्हेंबर

श्री. ऑर्विन स्लेटन यांस,

काल दुपारी कॉलेजच्या व्यायामशाळेत आम्ही सगळे मोठ्या पडद्यासमोर बसलो होतो. बायकांनी गोड बार्सच्या वड्या करून आणल्या होत्या. नाव आलं तेव्हा मुलं ओरडली, आणि पुढच्याच क्षणी गप्प झाली. लिंडाल विरुद्ध मॅडलिन, मॅडलिनच्या मैदानावर.

आई सांगायची, जे कळलं ते आधी लिही, जे वाटलं ते नंतर. तसंच लिहिते. लिंडाल एकही सामना हरलेलं नाही. मॅडलिन एक हरलं आहे. सामना मॅडलिनला आहे. मॅडलिनच्या क्रीडा विभागाचे प्रमुख तुम्ही आहात आणि समितीवरही तुम्हीच आहात. इथवर कळलेलं.

आता वाटलेलं. मॅडलिनचे प्रतिस्पर्धी आमच्यापेक्षा बळकट होते, हे मी मोजून पाहिलं. आहेत, पण थोडेच. तेवढ्यावर एका पराभवाची भरपाई होते का, ते ठरवणारी माणसं कोण? तुम्ही खोलीबाहेर गेला असाल, मी नाही म्हणत नाही. पण दाराबाहेर जाणारा माणूस दारापर्यंत चालताना काय बोलून गेला, हे कोणाला ठाऊक? आणि जे आत राहिले, त्यांना पुढच्या वर्षी आपापल्या नावाच्या वेळी बाहेर जायचंच आहे. तेव्हा ते तुमच्याकडूनही काही अपेक्षा ठेवतीलच ना?

मी असं लिहिते आहे याची मला लाज वाटते. पण न लिहिता मनात ठेवलं तर ती जास्त वाईट लबाडी होईल.

आज गसने पंपावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं ब्रिटा, मामा बरा आहे ना? थँक्सगिव्हिंगला त्याच्या ताटात यंदा टर्की की लिंडाल?" सगळे हसले. नेल्स माझ्या शेजारी होता, तो हसला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "तुझा लाडका मामा." मी त्याला माझं मोजलेलं सगळं दाखवलं. दाखवायला नको होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. मग फोन मागितला, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. इतकी वर्षं त्यांनी आमच्यासमोर कधी दार लावलेलं नाही. त्यांना किती लागलं असेल ते यावरून समजा.

ब्रिटा त्वेट


मॅडलिन
१९ नोव्हेंबर

ब्रिटा,

'मामा'सुद्धा सोडून एकदम श्रीयुत झालो. तुझ्या आईनेही लहानपणी माझ्यावर रागावून एकदा आठवडाभर असंच केलं होतं.

दोन्ही नावांच्या वेळी मी बाहेर होतो. एक माझं कॉलेज म्हणून, दुसरं माझा भाचा म्हणून. दुसऱ्यासाठी नियम नव्हता, मीच सांगून गेलो. आत कोणी काय म्हटलं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

सामन्याची मागणी कोणी केली होती, हे तू विचारलंस का? नको. विसर ते. विचारू नकोस कोणाला.

सोबत कुंपणालगत गाडी लावायची चिठ्ठी आहे. माझीच जागा आहे ती, तिथून मैदानाचा मधला भाग स्वच्छ दिसतो. डॉक्टर हो म्हणाले आणि रस्ता कोरडा असला तरच. वाटेत डेकोरामध्ये माझा एक मित्र राहतो, तिथे बाबांना दोन तास पडता येईल. मी त्याला सांगून ठेवलं आहे.

मामा


टॉर्पा
२३ नोव्हेंबर

श्री. स्लेटन यांस,

तुमची चिठ्ठी परत पाठवते आहे. वापरली नाही. शुक्रवारी हिमाचा पाऊस झाला, आणि रस्ता कोरडा असता तरी मी ती वापरू दिली नसती. आमच्या हक्काचं मैदान आधी काढून घ्यायचं आणि मग तुमच्या मैदानाचा एक कोपरा द्यायचा, हे उपकार कोणत्या जातीचे ते मला कळत नाही.

सतरा–वीस. तीन गुणांनी. तुम्ही पाहिलंतच.

मी मुलांच्या बसच्या मागून पाद्रीबाईंच्या गाडीतून आले होते. शेवटच्या चढाईत आमची मुलं एकमेकांना हाका मारत होती आणि तुमच्या बाजूच्या गोंगाटात काही ऐकू जात नव्हतं. नेल्सने चेंडू एकदा उशिरा दिला. तो गोंगाट आमच्याकडे असता तर त्याच वेळी तुमच्या मुलाला ऐकू गेलं नसतं. मैदान म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. मानांकन म्हणजे कोणाला ऐकू येईल आणि कोणाला नाही, हे आधी ठरवणं.

फाटकापाशी तुम्ही हात पुढे केलात तेव्हा मी दोन पावलांवर होते. नेल्स काय म्हणाला ते मी ऐकलं: "तुमचं मैदान, तुमची माणसं, तुमची समिती. हातही तुमचाच ठेवा." तुम्ही म्हणालात, "छान खेळलास, पोरा." तो बसमध्ये चढला. तुम्ही हात खिशात घातलात आणि बस सुटेपर्यंत तिथेच उभे राहिलात. हे मी लिहिते कारण खरं ते सगळंच लिहायला हवं, तुमच्या बाजूचंसुद्धा.

आई सांगते, बाबा पूर्ण वेळ रेडिओला कान लावून होते. नेल्सचं नाव एकदाच आलं, तेही त्या उशिराच्या चेंडूला. आई म्हणाली, "बंद करू का?" तर बाबा म्हणाले, "राहू दे. ऐकतो. मला ऐकायलाच हवं." मला वाटतं ते नेल्ससाठी स्वतःला शिक्षा करून घेत होते.

आणि तुमचा तो प्रश्न, मागणी कोणी केली होती? असा प्रश्न विचारून लगेच "विसर" म्हणायचं, हे समितीत शिकवतात का? कोणतं कॉलेज मागणी करणार नाही? असलं काही सुचवून तुम्ही मला दुसरीकडे बघायला लावताय, असंच मला वाटतं.

ब्रिटा


मॅडलिन
२५ नोव्हेंबर

ब्रिटा,

गुरुवारी थँक्सगिव्हिंगला मी येत नाही. मॅडलिनला काम आहे असं तुझ्या आईला फोनवर सांगितलं. काम काही नाही. लेफ्साच्या, त्या बटाट्याच्या पोळ्या मात्र मी केल्या होत्या, त्या आता मीच खाईन. पहिल्या चार जळल्या.

शनिवारच्या गोंगाटाबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी कॉलेजात इतकी वर्षं काढली, पण मानांकन असं कोणी मांडलेलं ऐकलं नाही. समितीत पुढच्या वर्षीही असलो तर त्यांना सांगेन. तुझं नाव न घेता.

आता एक मागतो. नेल्सला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. मी बारा वर्षं पंच होतो, माझ्या नावाने चर्चमध्ये गाणाऱ्या माणसांनीही शिव्या घातल्या आहेत, आणि रविवारी शेजारी बसून भजनं म्हटली आहेत. मला ते झेपतं. पण तू चौकशी थांबव. हे मी समितीसाठी म्हणत नाही, घरासाठी म्हणतो आहे. यापुढे काही विचारू नकोस, आणि मीही सांगणार नाही.

मामा


टॉर्पा
३० नोव्हेंबर

ऑर्विनमामा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. आधी आलं असतं तर मी तुझं ऐकलं असतं की नाही, सांगता येत नाही. तुझ्या "घरासाठी"ने माझा संशय आणखी वाढलाच असता.

बुधवारी मी भोपळ्याचं गोड सारण भरलेले पंपकिन पाय चर्चमध्ये पोचवायला गेले. बाहेर मार्लीसची गाडी उभी होती, मागे एक मोठं हरीण, आणि ती शिकारीच्या त्या भडक नारिंगी जाकिटात टपाला टेकून कॉफी पीत होती. गावच्या बिनपगारी अँब्युलन्सवर, बाबा ती चालवायचे तेव्हापासून आहे ती. मला बघून म्हणाली, "हरलात ते वाईट झालं गं. पण मॅडलिनला झाला ते बरंच झालं म्हणायचं. इथे असता तर अँब्युलन्स कोणी चालवली असती?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अगं, त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला! आम्ही सगळे मचाणावर. गावात राहतं कोण? तुझ्या बाबांनीच नाही का ऑगस्टात कॉलेजला सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

"की त्या शनिवारी माणूस मिळणार नाही. मग कॉलेजने मागणीच केली नाही सामन्याची." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कॉफी खाली ठेवली. "तुला माहीत नव्हतं होय? अरे देवा. ब्रिटा, मी काही बोलले नाही हं."

बाबा आता अँब्युलन्स चालवत नाहीत, पण कोणाची पाळी कधी, हे अजून तेच फोनवरून लावतात. हे मला माहीत होतं, आणि त्याच्यापुढे मी एकदाही विचार केला नाही. मी तुझ्या मॅडलिनच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपर्यंत मोजत गेले, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फोनपर्यंत आले नाही.

घरी येऊन मी काही बोलले नाही. बोलले असते तर बाबा उघडे पडणार होते, आणि न बोलले तर दोष तुझ्यावरच राहणार होता. मी कोणाशीही नीट बोलू शकत नव्हते. आईला वाटलं मला ताप आहे.

गुरुवारी तुझी खुर्ची आईने मांडली आणि मग उचलून भिंतीला लावली. नेल्स टर्की कापत होता. कापता कापता सुरू झाला. "येणार कसा? तोंड आहे का यायला? भाच्याची वाट लावून समितीत मिरवायचं. मी तर म्हणतो, यापुढे हा माणूस आपल्या घरात—"

"नेल्स," बाबा म्हणाले.

"नाही बाबा, तुम्ही नेहमी त्याची बाजू घेता. तुमच्यासाठीच हवा होता मला तो सामना इथे. तुम्हाला माहितेय ना ते?"

"माहितेय." बाबांनी नाकाखालची नळी सरळ केली. "म्हणून सांगतो. ऑर्विनने काही केलं नाही. मी केलं."

मी आईकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

"ऑगस्टात कॉलेजमधून फोन आला होता," बाबा म्हणाले. "थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अँब्युलन्स आणि दोन माणसं देता येतील का, म्हणजे सामन्याची मागणी करून ठेवता येईल. मी हसलो. म्हटलं, त्या दिवशी शिकार उघडते, कुत्रंसुद्धा नसतं गावात. आणि वर म्हटलं..." ते थांबले. खोकले. आई उठली, तिला त्यांनी हाताने बसवलं. "म्हटलं, लिंडाल कुठलं पोचतंय तिथवर."

नेल्सने सुरी ताटलीवर ठेवली.

"मग मामाला शिव्या का खाऊ दिल्यात?"

"जोड्या कळल्या त्या दिवशी मी फोन केला त्याला. म्हटलं, पोराला मी सांगतो. तो म्हणाला, मोसम संपल्यावर सांग, आत्ता त्याला सामना खेळायचाय. मला शिव्यांची सवय आहे. आणि मग मोसम संपला आणि माझ्याच्याने होईना."

ग्रेव्हीवर साय धरली. नेल्स उठून जाणार, दार आपटणार, बाबांना काहीतरी भयंकर बोलणार, असं मला वाटत होतं. मी मनातल्या मनात त्याच्या तोंडी वाक्यंसुद्धा घालून पाहिली, सगळी वाईट.

तो म्हणाला, "ऑगस्टात मी काय केलं माहितेय?"

"काय?"

"मार्लीसच्या नवऱ्याला सांगितलं, ओढ्याकडचं मचाण त्या शनिवारी माझ्यासाठी ठेव म्हणून. शिकारीचा परवाना काढलाय मी, बाबा. म्हटलं, आमचे सामने तोवर संपलेले असणार."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना इतका खोकला आला की आईने सिलिंडरचं बटण वाढवलं. नेल्सही हसत होता, पण त्याचे डोळे हसत नव्हते. त्याने मला विचारलं, "तू गं? आम्ही तिथवर पोचू असं तू तरी धरलं होतंस का?" मी म्हटलं, "मी ऑक्टोबरपासून." तो म्हणाला, "ऑक्टोबरात गससुद्धा धरत होता."

मामा, समितीने आम्हाला मॅडलिनच्या वर ठेवलं होतं की खाली, ते आता कोणीच सांगणार नाही, तूही नाही. मागणीच नव्हती म्हटल्यावर आम्हाला कुठेही ठेवलं असतं तरी सामना तुमच्याकडेच झाला असता. पण बसच्या अंतराचा नियम मला अजूनही अन्यायाचाच वाटतो. त्यावर मी समितीला वेगळं पत्र लिहिणार आहे, तुला मधे न घालता. आणि तू खोलीतून बाहेर गेलास म्हणून आत आमच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं होतं का, हाही प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. तू बरोबरच केलंस. पण तुझ्या बरोबर वागण्याने आमचं नुकसान झालं असेल का, असं मला वाटतं, आणि ते तुला न सांगता ठेवणं मला जमत नाही.

तुझ्याबद्दल मी जे लिहिलं ते सगळं चुकीचं होतं. ती पत्रं जाळ म्हणून सांगणार नाही. तुला वाटेल तेव्हा दाखव मला.

हे पत्र पोस्टाने येत नाही, नेल्सच्या हाती पाठवते आहे. आज शिकारीचा शेवटचा दिवस. पहाटे मार्लीसच्या नवऱ्याने ओढ्याकडचं मचाण त्याच्यासाठी मोकळं ठेवलं होतं, आणि हा गाडीला किल्ली लावून बसला आहे, तुझ्याकडे यायला. काय बोलायचं ते त्याने ठरवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तीन तास आहेत की सुचायला." सुचलं नाही तर तो तुझ्या छपराची पन्हळ साफ करायला घेईल नाहीतर गॅरेजमध्ये शिरेल. तेव्हा त्याला करू दे.

आणि त्याला पोटभर जेवायला घाल, पण दिवस मावळायच्या आत घरी पोचेल असा परत पाठव. या दिवसांत हरणं पिसाळल्यासारखी रस्त्यावर येतात, आणि अँब्युलन्सवर आज कोणी नाही.

तुझी,
ब्रिटा